नाचायचं जॅझ

१६ जानेवारी १९३८ ची रात्र न्यूयॉर्कच्या जॅझवाल्यांना बरीच धावपळीची गेली. संध्याकाळी कार्नेगी हॉलमध्ये बेनी गुडमनच्या बँडचा कार्यक्रम होता. एरवी जिथे पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या मैफली होत, त्या सभागृहात लोक खुर्च्यांवर बसून स्विंग, म्हणजे त्या काळचं नाचायचं जॅझ, ऐकत होते आणि चीज संपली की टाळ्या वाजवत होते. काउंट बेसी आणि त्याच्या बँडमधले काही वादक तिथे पाहुणे म्हणून वाजवून गेले. मग तीच मंडळी उत्तरेला हार्लेममध्ये पोचली. लेनॉक्स अव्हेन्यूवरच्या सॅव्हॉय बॉलरूम या नाचघरात त्याच रात्री बेसीचा बँड आणि चिक वेबचा बँड यांचा सामना ठरला होता. तिथे बसायला कोणी आलं नव्हतं. कोण जिंकलं यावर तेव्हाच्या संगीतविषयक नियतकालिकांचंही एकमत झालं नाही.

संगीत तेच, काही वादकही तेच. तरी कार्नेगी हॉलमध्ये वाहवा मिळवणारी चीज सॅव्हॉयच्या लाकडी फरशीवर चालेलच, असं नव्हतं. आजही नाही. लिंडी हॉप हा स्विंगवरचा नाच करणाऱ्यांच्या कुठल्याही जमावात दोन रचना लागोपाठ लावून बघा. एकीला जागा पुरत नाही, दुसरीला लोक पाणी प्यायला जातात, आणि ही दुसरी रचना ऐकायला वाईट असते असंही नाही. मग फरक कुठे पडतो?

जोश आणि वेग याला मी दुय्यम मानतो. माझ्या मते खरी गोष्ट ही, की पुढे काय येणार याचा अंदाज नाचणाऱ्याच्या पायांना आधीच यायला हवा, आणि तो खरा ठरल्यावरही थोडी गंमत शिल्लक राहायला हवी. स्विंगच्या काळातल्या चांगल्या बँडांनी हे कसं साधलं ते बघू. गायन असलेली गाणी बाजूला ठेवून फक्त वाद्यांच्या रचना घेऊ, कारण शब्दांचा आधार नसताना हे काम नुसत्या सुरांना आणि लयीला करावं लागतं.

आधी पायांकडे बघू

लिंडी हॉप हा जोडीने करायचा नाच. १९२० च्या दशकाच्या शेवटी हार्लेममधल्या कृष्णवर्णीय तरुणांनी तो घडवला. त्याचा कणा म्हणजे स्विंगआउट नावाची आठ मात्रांची हालचाल. जोडीदार एकमेकांजवळ येतात, एकमेकांभोवती फिरतात आणि पुन्हा हातभर लांब फेकले जातात. पावलं मोजायची झाली तर अशी: एक, दोन, तीन-न्-चार, पाच, सहा, सात-न्-आठ. या 'तीन-न्-चार'मध्ये दोन मात्रांत तीन पावलं पडतात. त्याला ट्रिपल स्टेप म्हणतात, आणि नवशिक्याची तारांबळ उडते ती इथेच.

आता ही तीन पावलं सारख्या अंतराने पडत नाहीत. पहिलं लांब, दुसरं आखूड, तिसरं पुन्हा लांब. हे असं का, तर संगीतच तसं चालतं म्हणून. स्विंगमध्ये एका मात्रेचे दोन भाग करताना ते समान करत नाहीत. मध्यम लयीत साधारणपणे मात्रेचे तीन भाग कल्पून पहिले दोन एकत्र धरतात आणि तिसरा सुटा वाजवतात. 'टाऽ-ट टाऽ-ट' असं काहीतरी कानावर पडतं. वादकाने हे भाग समान केले, तर स्वर एकही न चुकता पाय लाकडासारखे होतात. ट्रिपल स्टेपमधलं ते आखूड पाऊल नेमकं त्या सुट्या तुकड्यावर पडतं, आणि तो तुकडा जागेवर नसला तर पाऊल टाकायचं कुठे?

हे प्रमाण दोनास एक इतकं पक्कं नसतं. ढोलकांच्या, म्हणजे ड्रमच्या, वादनाची मोजमापं घेतलेल्या संशोधकांना असं दिसलं, की लय संथ असताना लांब-आखूड हा फरक जास्त असतो आणि लय वाढत जाते तसे दोन्ही भाग समान होत जातात. गंमत म्हणजे नाचणारेही हेच करतात. लय फार वाढली की ट्रिपल स्टेप बसेनाशी होते, मग ते तिच्या जागी साधं पाऊल, लाथ किंवा थांबा घालतात. त्यांनी हे कुठल्या प्रबंधात वाचलेलं नसतं. श्वास पुरत नाही, एवढंच कारण असतं.

जर्मनीत ग्योटिंगेनच्या संशोधकांनी २०२२ मध्ये याला आणखी एक बारकावा जोडला. एकल वादन करणारा वादक मात्रेच्या ठोक्यावर येताना ताल धरणाऱ्यांपेक्षा अगदी किंचित, सेकंदाच्या काही शतांशांनी, मागे राहतो. पण मधले सुटे स्वर मात्र त्यांच्या बरोबरच वाजवतो. जॅझ वादकांना दोन्ही प्रकार ऐकवल्यावर हा किंचित मागे रेलणारा प्रकार जास्त स्विंग करतो असं त्यांनी सांगितलं, पण नेमकं काय वेगळं आहे ते अनेकांना ओळखता आलं नाही. नाचताना हे मागे रेलणं अंगात आपोआप उतरतं. चांगला लिंडी हॉपर ठोक्यावर झडप घालत नाही, ठोका त्याच्यापर्यंत यायची वाट बघतो.

चौघे जण आणि एक सतरंजी

बँडमध्ये पंधरा-सोळा वादक असले तरी फरशी धरून ठेवायचं काम चौघांचं: पियानो, गिटार, डबल बास आणि ड्रम. बाकीचे सगळे त्यांच्यावर उभे असतात.

१९२० च्या दशकातल्या बँडांत बासच्या जागी बऱ्याचदा ट्युबा असायचा आणि गिटारच्या जागी बॅन्जो. ट्युबा फुंकून वाजवायचा, म्हणून चारपैकी दोन मात्रांवरच तो सोयीचा पडे. त्यामुळे ठेका 'धम-चक धम-चक' असा उड्या मारत चाले. दशकाच्या शेवटी ट्युबाच्या जागी डबल बास आला आणि चारही मात्रांवर स्वर पडू लागले. ओक्लाहोमा आणि कॅन्सस सिटीच्या भागात वाजवणारा वॉल्टर पेज हा या चालत्या बासचा मोठा शिल्पकार. सुरांच्या पायऱ्या एकेका मात्रेला चढत-उतरत तो सलग चालत राहायचा. बॅन्जोची टणटण जाऊन गिटारचा बसका, दाबलेला आवाज आला. ड्रमर जो जोन्सने तालाचा मुख्य धागा जड बास ड्रमवरून काढून हाय-हॅट नावाच्या झांजांच्या जोडीवर आणला. त्या झांजा पायाने उघडमीट करत वाजवतात, त्यामुळे ठोका दणकण न बसता 'त्सऽऽ-त्स्-त्स' असा वाहत राहतो.

पेज, जोन्स, बेसी स्वतः आणि १९३७ मध्ये आलेला गिटारवादक फ्रेडी ग्रीन ही चौकडी जमली, तेव्हापासून तिला तोड नाही असं मानणारे पुष्कळ आहेत. मीही त्यातलाच. ग्रीनची गिटार म्हणजे आमटीतला हिंग. दाखव म्हटलं तर दाखवता येत नाही, पण नसला की पहिल्या घासाला कळतं. तबकडीवर तो नीट ऐकूही येत नाही, तरी चारही मात्रांवर त्याचा हात पडत असतो आणि बास व झांजा त्याने एकमेकांना चिकटवलेल्या असतात. आणि बेसी? तो पियानोवर जवळजवळ काहीच वाजवत नाही. इथे एक स्वर, तिथे दोन, मग मोठी मोकळी जागा. आपण वाजवलं नाही तरी ताल ढासळणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

चार सारख्या मात्रा मिळाल्याने नाचणाऱ्याचं काय झालं, हे बघण्यासारखं आहे. उड्या मारणाऱ्या दोन ठोक्यांवर शरीर वर-खाली होतं. चार सपाट ठोक्यांवर ते आडवं वाहतं. गुडघे वाकलेले, कंबर खाली, पाय फरशीलगत, आणि वजन कुठल्याही मात्रेवर कुठल्याही पायावर घ्यायची मुभा. स्विंगआउटमधली ती लांब फेक याच आडव्या वाहण्यावर उभी आहे.

याला ठळक अपवाद जिमी लन्सफर्ड. त्याच्या बँडने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धातही दोन ठोक्यांचा डौल सोडला नाही, आणि नाचणारे त्याच्यावर फिदा होते. म्हणजे चार ठोके हा काही कायदा नाही. मात्र लन्सफर्डचे दोन ठोके इतके सैल आणि रुबाबदार होते, की मधल्या दोन मात्रा वाजत नसूनही ऐकू यायच्या.

जाता जाता एक गोष्ट. हाय-हॅट बंद होते ती दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. टाळी, चुटकीही तिथेच. आपल्याला समेवर टाळी द्यायची सवय, त्यामुळे मराठी माणसाचा हात हमखास पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पडतो. तसा पडला की सगळा नाच लष्करी संचलनासारखा दिसू लागतो. घरी पंधरा मिनिटं बसून दुसऱ्या-चौथ्यावर नुसत्या चुटक्या वाजवल्या, तरी निम्मं काम होतं.

आवर्तनाचा हिशेब

चार मात्रांचा एक तुकडा, त्याला बार म्हणतात. स्विंगच्या बहुतेक रचना दोन साच्यांत बसतात. एक साचा बत्तीस बारचा: आठ बारची एक चाल, तीच पुन्हा, मग आठ बार वेगळ्या वळणाचे, मग पुन्हा पहिली चाल. एडगर सॅम्पसनने बांधलेली 'स्टॉम्पिन ॲट द सॅव्हॉय' ही अशी रचना. तो चिक वेबच्या बँडमध्ये होता, आणि वेबने ती १९३४ मध्ये ध्वनिमुद्रित केली. दुसरा साचा बारा बारच्या ब्लूजचा.

आता हिशेब करा. आठ बार म्हणजे बत्तीस मात्रा, म्हणजे बरोबर चार स्विंगआउट. अख्खं आवर्तन म्हणजे सोळा. चाल कधी संपणार, वेगळं वळण कधी येणार, हे मोजायची गरज पडत नाही, चार फेकी झाल्या की अंगाला कळतं. तिसऱ्या आठ बारांना वळण बदललं की नाचणारा हालचाल बदलतो आणि चाल परत आली की घरी परततो.

यात एक मेख आहे. लिंडी हॉपमध्ये सहा मात्रांच्याही हालचाली असतात, आणि बत्तीसला सहाने भाग जात नाही. मग सराईत नाचणारा सहाच्या चार हालचाली करतो, म्हणजे चोवीस मात्रा, आणि आठची एक जोडतो. झाले बत्तीस. मधल्या काळात त्याची पावलं आणि बँडचे बार एकमेकांना तिरके जात असतात, आणि शेवटी दोघं एकदम समेवर येतात. तिहाई ऐकताना आपल्या पोटात जे होतं तेच इथे होतं. फरक एवढाच, की ती वाजवणारा इथे फरशीवर असतो.

बारा बारच्या ब्लूजचा हिशेब तर याहून सुखाचा. अठ्ठेचाळीस मात्रा: आठाने भाग जातो, सहाने भाग जातो. सहा स्विंगआउट करा किंवा सहाच्या आठ हालचाली करा, आवर्तन संपताना तुम्ही जागेवर. नवशिक्याला मी नेहमी ब्लूजच्या साच्यातलीच रचना लावून देतो, त्याचं हे कारण.

'वन ओ'क्लॉक जंप' उघडून बघू

काउंट बेसीच्या बँडने ही रचना ७ जुलै १९३७ रोजी न्यूयॉर्कमध्ये डेका कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केली. पण ती घडली होती कॅन्सस सिटीत, रात्र-रात्र वाजवताना. कागदावर लिहून नव्हे, तोंडी बसवून. एकाने दोन बारचा सुरांचा तुकडा काढायचा, शेजाऱ्याने तो उचलायचा, पलीकडच्याने त्याला उत्तर द्यायचं. असा परत परत वाजणारा तुकडा म्हणजे रिफ. बेसीच्या बँडचं भांडवल म्हणजे ही चौकडी, काही असामान्य एकल वादक आणि अशा रिफांची पोतडी.

तबकडीच्या सुरुवातीला बेसी पियानोवर आठ बारचा तुकडा वाजवतो. नाचणाऱ्याला जोडीदार गाठायला आणि लय अंगात घ्यायला एवढा वेळ पुरतो. मग ब्लूजची दोन आवर्तनं पियानोची, खाली चौकडी, बाकी बँड गप्प. फरशीवर लोक या वेळी साधी पावलं टाकत असतात.

तिसऱ्या आवर्तनाला एकाच क्षणी दोन गोष्टी घडतात. हर्शेल एव्हान्सचा टेनर सॅक्सोफोन येतो, आणि रचनेचा षड्जच बदलतो: एफमधून डी-फ्लॅटमध्ये. लय तीच, ठेका तोच, साचाही तोच, पण खोलीतला दिवा बदलल्यासारखा रंग पालटतो. पायांचा अंदाज खरा ठरतो, कारण बारा बार संपले की नवीन आवर्तन येणारच होतं, आणि कानाला मात्र नवीन काहीतरी मिळतं. एव्हान्सच्या मागे ट्रम्पेटं हलकासा रिफ वाजवत राहतात.

पुढे एकेक आवर्तन एकेकाचं. जॉर्ज हंटचा ट्रॉम्बोन, मग लेस्टर यंगचा टेनर, मग बक क्लेटनचा ट्रम्पेट. इथे एव्हान्स आणि यंग शेजारी ठेवून ऐकण्यासारखे आहेत. वाद्य एकच, पण एव्हान्सचा स्वर जाड, भरदार, कंप असलेला. यंगचा कोरडा, हलका, थंड डोक्याचा. यंग एका स्वरावर रेंगाळतो आणि तोच स्वर वेगवेगळ्या ठिकाणी टेकवत राहतो. नाचणाऱ्याला एव्हान्सवर नाचला तसं यंगवर नाचून चालत नाही. मागच्या रिफांची वाटणीही बघा: पुढे सॅक्सोफोन असला की मागे पितळी वाद्यं, पुढे पितळी वाद्य असलं की मागे सॅक्सोफोन. सवाल-जवाब कायम चालू. जोडीतला एक जण पुढच्याचं ऐकू शकतो, दुसरा मागच्याचं.

सातव्या आवर्तनाला सगळे थांबतात आणि पुन्हा चौकडी उरते. बेसी एखाद-दुसरा स्वर टाकतो, वॉल्टर पेजचा बास स्पष्ट ऐकू येतो. इथे जाणकार जोड्या हात सोडून एकेकट्या नाचतात, किंवा पावलं अगदी बारीक करतात. बँडने खोली रिकामी करून दिलेली असते. आणि मग शेवटची तीन आवर्तनं: सॅक्सोफोनांचा एक रिफ, ट्रॉम्बोनांचा दुसरा, ट्रम्पेटांचा तिसरा, एकावर एक. प्रत्येक रिफ स्वतंत्रपणे एखाद्या लहान मुलालाही गुणगुणता येईल इतका सोपा. पण तिन्ही एकमेकांच्या फटींत बसवलेले आहेत, आणि एकदा ऐकलेलं तसंच परत येतं, त्यामुळे दुसऱ्यांदा ते येईपर्यंत नाचणारा त्यावर काहीतरी करायला टपून बसलेला असतो. आवाज वाढतो, लय वाढत नाही. हा फरक मोलाचा आहे. कच्चा बँड शेवटाला आला की पळायला लागतो आणि नाचणाऱ्यांची दमछाक करतो.

दहा आवर्तनं आणि सुरुवातीचा तुकडा मिळून पाचशेच्या वर मात्रा, आणि तबकडी साधारण तीन मिनिटांची. म्हणजे लय मिनिटाला १७० च्या आसपास. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तेवढंच मावायचं. पण या मर्यादेमुळे स्विंगच्या तबकड्यांत पसारा राहिला नाही. तीन मिनिटांत एक जोडी दमते, पण दमून बसावंसं वाटत नाही.

वेगाबद्दल थोडंसं

ढोबळमानाने सांगायचं तर मिनिटाला १२० ते १८० मात्रा हा लिंडी हॉपचा ऐसपैस टापू. दोनशेच्या पुढे तरणेबांड लागतात, अडीचशेच्या पुढे स्पर्धक. १९४१ च्या 'हेल्झापॉपिन' चित्रपटात व्हाइटीज लिंडी हॉपर्सचा जो नाच आहे, तो बघून लोकांचा समज होतो की हा नाच असाच भन्नाट वेगाचा असतो. तो सादरीकरणाचा नाच आहे. रोज संध्याकाळी कामावरून येऊन माणसं तसं नाचत नव्हती.

फरशीकडे बघून वाजवणारे

सॅव्हॉय १९२६ मध्ये उघडलं आणि १९५८ मध्ये बंद झालं. त्या काळच्या अमेरिकेत काळे-गोरे एकाच फरशीवर नाचू शकत होते अशा मोजक्या जागांपैकी ही एक. तिथे दोन मंच होते. एक बँड थांबला की दुसरा लगेच सुरू, म्हणजे संगीत अखंड. त्यामुळे तुलना टळत नसे, आणि बँडला आपला निकाल कळायला दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राची वाट बघावी लागत नसे. उत्तम नाचणाऱ्यांचा एक कोपरा होता, कॅट्स कॉर्नर, आणि तो मंचाजवळच होता. वादक त्यांच्याकडे बघत वाजवायचे.

इथला राजा चिक वेब. पाठीच्या कण्याच्या क्षयाने उंची खुंटलेला, जेमतेम चार फुटांचा हा ड्रमर उंच चौथऱ्यावर बसून बँड चालवायचा. ११ मे १९३७ रोजी बेनी गुडमनचा बँड सॅव्हॉयमध्ये आला. तेव्हा तो देशातला सर्वांत लोकप्रिय बँड होता. वेबने त्याला त्याच्याच काही चिजांवर हरवलं, आणि गुडमनचा प्रसिद्ध ड्रमर जीन क्रुपा वेबपुढे वाकला. घरच्या फरशीचा हा फायदा.

याहून मला आवडतो तो सॅव्हॉयच्या फ्रँकी मॅनिंग या नाचणाऱ्याचा किस्सा. १९३५ च्या सुमारास एका स्पर्धेत मॅनिंगने फ्रीडा वॉशिंग्टनला पाठीवरून उलटं फिरवून पुढे उतरवलं. लिंडी हॉपमधली पहिली हवेतली उडी म्हणून ती ओळखली जाते. मॅनिंगने वेबला 'डाउन साउथ कॅम्प मीटिंग' वाजवायला सांगितलं होतं. मॅनिंगच्या आठवणीनुसार वेबचा बँड त्यांच्या हालचाली टिपत होता, आणि फ्रीडाचे पाय फरशीला टेकले त्या क्षणी बँडचाही ठोका पडला. नाचणारा वाजवणाऱ्याच्या मागे जातो, हे आपण नेहमी बघतो. इथे वाजवणारा नाचणाऱ्याच्या मागे गेला होता.

जे मला पटत नाही

'सिंग, सिंग, सिंग'. गुडमनच्या बँडचं हे १९३७ चं ध्वनिमुद्रण आठ मिनिटांहून मोठं, बारा इंची तबकडीच्या दोन्ही बाजूंवर पसरलेलं. क्रुपाचा ड्रम थरारक आहे. पण त्या टॉम-टॉमच्या घणाघाताखाली चालता बास जवळपास बुडून जातो, आणि आठ मिनिटं एकाच तापमानावर राहायचं म्हणजे शिक्षा. मंचावर बसवलेल्या नाचाला उत्तम, साध्या संध्याकाळी नको.

'इन द मूड'वर मात्र माझा राग अर्धवट आहे. ग्लेन मिलरच्या बँडने १९३९ मध्ये ती तबकडी काढली, आणि ती इतकी वाजली की जुने नाचणारे तिच्या पहिल्या चार स्वरांनाच पाठ फिरवतात. पण तिच्या शेवटाची करामत मान्य करायला हवी. तोच रिफ परत परत येतो, दर वेळी आणखी हळू आवाजात, आता संपलं म्हणेपर्यंत, आणि मग सगळा बँड एकदम फुटतो. नवशिक्याही पहिल्यांदा ऐकताना कुजबुजीबरोबर खाली वाकत जातो आणि स्फोटाबरोबर उसळतो. कोणी शिकवावं लागत नाही.

पुढे काय झालं, आणि मुंबईत काय झालं

स्विंगचा नाच ओसरला त्यात संगीताचा दोष कमी. ऑगस्ट १९४२ पासून वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. गायक त्यात येत नव्हते, त्यामुळे बँड मागे पडून गायक पुढे आले. १९४४ मध्ये अमेरिकन सरकारने नाच-गाणं असलेल्या ठिकाणांवर जबर कर बसवला, तर मालकांना नाचाची फरशी परवडेना. बीबॉप या नव्या शैलीचे जॅझवाले छोट्या खोल्यांत बसलेल्या श्रोत्यांसाठी वाजवू लागले. त्यांचा ड्रमर मध्येच अनपेक्षित जागी बाँब टाकल्यासारखा ठोका मारायचा, आणि वाक्यं कुठे संपतील सांगता येत नसे. ऐकायला मेजवानी, पायांना कोडं.

आपल्याकडे हे सगळं ताजमहाल हॉटेलातून आलं. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा आफ्रिकन-अमेरिकन बँड तिथे वाजवायला आला, पाठोपाठ पियानोवादक टेडी वेदरफोर्ड. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्याकडून शिकत गोव्याचे वादक तयार झाले. चर्चच्या शाळांत नोटेशन वाचायला शिकलेली ही मंडळी रात्री हॉटेलात नाचाला वाजवायची आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, मूळ नाव आंतोनियो झेव्हियर वाझ, त्यातला सर्वांत गाजलेला. पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, त्याला हाताशी धरलं, आणि १९५१ च्या 'अलबेला'त त्या साथीवर भगवानदादा नाचले. भगवानदादांचे पाय बघा. ते लिंडी हॉप नाचत नाहीत, पण पाऊल फरशीलगत, गुडघा सैल, आणि ठोक्याची वाट बघायची तयारी. नाचाच्या बँडवर पोसलेल्या वादकांची साथ असली की असं होतं.

मुंबई-बंगळुरूत आता लिंडी हॉप शिकवणारे गट आहेत. तुम्ही गेलात, तर पहिल्या दिवशी तुमच्या पायाखाली बहुधा 'शायनी स्टॉकिंग्ज' येईल. फ्रँक फॉस्टरची रचना, बेसीच्या बँडचं १९५० च्या दशकातलं ध्वनिमुद्रण, म्हणजे काटेकोर बघितलं तर स्विंगचा काळ उलटून गेल्यानंतरचं. फ्रेडी ग्रीन मात्र तेव्हाही जागेवरच होता. फ्रँकी मॅनिंगला ही चीज सर्वांत प्रिय. मधली तीसेक वर्षं पोस्टात नोकरी करून, सत्तरी ओलांडल्यावर तो पुन्हा शिकवायला उभा राहिला आणि २००९ मध्ये जाईपर्यंत ही रचना लावत राहिला. लय मध्यम आहे, ट्रिपल स्टेपला भरपूर जागा आहे, सुरुवातीला पियानो आरामात चालतो, आणि मोठा बँड भडकतो तो अगदी उशिरा.